उरलेल्या विटांतून परसात काय बांधावे?



घर बांधून झाले की परसात विटांची रास उरते आणि मनात येतो तो पुढच्या दारचा ओटा. ओटा जरूर बांधा. पण आधी शेण व काडीकचरा कोठे पडतो ते पाहा. माझ्या मते पहिला मान नाडेप टाक्याचा.

पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विकसित केलेले हे टाके आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असते. विटा हजाराच्या आसपास लागतात. भिंत ९ इंची. बांधकाम मातीत चालते, वरचे दोन थर मात्र सिमेंटमध्ये घ्यावेत. चारही भिंतींत हवेसाठी छिद्रे ठेवावीत. आमच्या घरच्या टाक्याला मीच, कृषीची पदव्युत्तर पदवी घेऊन, ती ठेवायला विसरलो! कचरा कुजण्याऐवजी सडला. वासामुळे आईने महिनाभर मागची खिडकी उघडली नाही. शेवटी छिन्नीने भोके पाडली.

दोन विटा एकमेकींवर वाजवून पाहा. आवाज खणखणीत यावा. टाके सावलीत, विहिरीपासून दूर घ्यावे. उरलेल्या विटांत ओटा बसला तर उत्तम, नाहीतर पुढच्या साली.