कानातलं काढा आणि जोडीनं चाला

संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापक सर, माझे गुरुजन, गावकरी मंडळी आणि घुंगरं बांधून माझं भाषण कधी संपतंय याची वाट पाहणाऱ्या मुलामुलींनो,

पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'आघात आणि समुपदेशन'. मुख्याध्यापकांनी फोनवर बजावलंय, "ताई, पोरांना झेपेल असं बोला." बोलते. पण याच शाळेत हा विषय काढायचा, तर सुरुवात भूकंपापासूनच करावी लागेल.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सरकारी आकडा जवळपास ८ हजार मृतांचा. मी तेव्हा सहावीत होते. शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. पत्र्यावर पावसाचे टपोरे थेंब वाजले, तरी आम्ही दप्तरं टाकून बाहेर पळत सुटायचो.

पहिल्या रांगेत पांढरी टोपी घालून बसलेत ना, ते आमचे गणिताचे सर. सर, उठू नका, बसा. सरांकडे सायकल होती. पण शाळा सुटली की ती हातात धरून ते आमच्यासोबत वस्तीपर्यंत चालत यायचे. पाहणीला येणारा जो तो आम्हाला विचारायचा, "घरातलं कोण गेलं?" सरांनी ते कधी विचारलं नाही. यंदा ज्वारी कुणाची बरी आहे, ही विहीर किती परस खोल असेल, असलं काहीबाही विचारायचे. मग अर्ध्या वाटेत एखादं पोरगं आपणहून बोलायला लागायचं. सर नुसती चाल मंद करायचे.

समुपदेशनाच्या कामाला लागल्यावर पुढे जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका वाचली, २०११ ची. त्यात तीन गोष्टी सांगितल्यात: पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. आणि काय घडलं ते सांगायला कुणावर जबरदस्ती करू नका. वाचलं आणि मनात म्हटलं, हे तर आमच्या सरांचंच!

आता थोडं शास्त्र. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षित वाटणं, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा माणसांत मिसळणं. आपली घाई असते ती थेट दुसऱ्या टप्प्याची. पोरगं अजून रात्री दचकून उठतंय, आणि आपण म्हणतो, "सांग बरं नेमकं काय झालं." अजून पुष्कळ सांगण्यासारखं आहे, पण मुख्याध्यापक सरांनी घड्याळ पाहिलं. तेव्हा शास्त्र इथंच पुरे.

मला खरं सांगायचंय ते एकच. मुलांनो, जोडीनं चाला. कानातलं काढा, मोबाईल खिशात ठेवा आणि कुणाला तरी सोबत घेऊन चाला. समोर खुर्ची टाकून बसवलं की माणूस आखडून बसतो. शेजारून चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, गप्प राहिलं तरी अवघड वाटत नाही. माझ्या खोलीत तोंड न उघडणारी मुलं बांधावरून चालताना घडाघडा बोललीत. मैत्रिणीचा पेपर अवघड गेलाय? तिला घेऊन चाला. आजोबा कुणाशी बोलत नाहीत? त्यांना वेशीपर्यंत न्या. सल्ला देऊ नका. चाला!

अध्यक्षसाहेब, हसू नका. तुमचे चिरंजीव रोज गाडीतून येतात, आठवड्यातून एक दिवस बापलेक पायी या. सरपंचताई, शाळेपासून वेशीपर्यंत दिवे लावून द्या, म्हणजे पोरीही संध्याकाळी चालतील. पोलीस पाटील, तुम्हालाही एक सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव द्यायला निघालेला माणूस तीव्र ताणाखाली आहे असंच धरायचं असतं, त्याला शिक्षा करायची नसते. तेव्हा तशा घरी जाल ते धीर द्यायला जा.

आणि चालून सगळं बरं होतं, असं मी म्हणत नाही. झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर मोठ्या माणसाला सांगा, डॉक्टरकडे जा. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर. रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. शिक्षकांनो, उद्या तो प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर लिहा.

आता बक्षीस वितरण आहे. धावण्यात पहिल्या आलेल्यांचं कौतुक आहेच. पण पुढच्या वर्षी जोडीनं सगळ्यात सावकाश चालणाऱ्यांची स्पर्धा ठेवा, बक्षिसाची रक्कम माझ्याकडून. मुख्याध्यापक सर, अहवालात लिहून घ्या, नाहीतर विसराल.

जय हिंद, जय महाराष्ट्र!