डिशवॉशरच्या तळाला पाणी तुंबलं? आधी हे करा

शीळफाट्यावरच्या आमच्या इमारतीत मला सारखा एकच प्रश्न येतो: "अरे, डिशवॉशरमध्ये पाणी साचलंय, मेकॅनिक बोलावू का?"

मी म्हणतो, थांबा. आधी स्विच बंद करून प्लग काढा. पाण्यात हात त्यानंतरच. पाणी गरम असेल तर निवू द्या.

आता खालचा रॅक बाहेर काढा. पाणी वाटीने उपसा, उरलेलं स्पंजने टिपून घ्या. तळाचा गोल फिल्टर डावीकडे फिरवून उचला. तिथे काय सापडतं? भाताची शितं, कढीपत्ता, मोहरी आणि वर तेलाचा थर. नळाखाली जुन्या टूथब्रशने घासा. खालच्या खड्ड्यात काचेचा तुकडा असू शकतो, म्हणून बोटं नकोत, चिमटा वापरा.

तरी पाणी जात नाही? ड्रेनचा पाइप बघा. मशीन भिंतीकडे सरकवताना तो दुमडतो. सिंकखालच्या जोडावरही गाळ अडकतो. सिंकचंच पाणी हळू उतरत असेल, तर मशीनला कशाला दोष द्यायचा?

फिल्टर घट्ट बसवा आणि नुसता रिन्स लावून बघा. फिल्टरखाली थोडं पाणी राहणारच, ते बिघाडाचं लक्षण नाही. पण पंप नुसताच घरघरला किंवा गप्पच राहिला, तर मात्र मेकॅनिकला बोलवा. काय काय तपासलंय ते त्याला आधीच सांगा, म्हणजे फिल्टर धुवायचे पैसे मोजावे लागणार नाहीत.

आणि हो, भांडी लावण्याआधी खरकटं झाडून टाका. भेटू पुढच्या भागात!