मागेल त्यालाच

मालवणच्या किनाऱ्यावर रापणीच्या दोराला जो हात लावतो, त्यालाच मासळीचा वांटा मिळतो. संगणकांच्या जाळ्यांतील समूहप्रक्षेपणाची रीत अशीच आहे. शाळेंतील एका यंत्रावरून चित्रपाठाचा एकच प्रवाह निघतो. ज्या संगणकाला तो हवा, तो तशी मागणी पाठवितो, व स्विच ती हेरून त्याच्याच दाराशीं प्रवाह पोंचवितो. व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचमध्यें आंखलेल्या निराळ्या गल्ल्या. कचेरीची एक, वर्गांची दुसरी. परंतु प्रत्येक गल्लींत, ‘कोणाला हवें?’ असें सामान्यतः दर १२५ सेकंदांनीं विचारणारा कोणी तरी नेमावा लागतो. तो नेमला नाहीं, तर प्रारंभीं सारें सुरळीत चालतें. सुमारें २६० सेकंदांनीं मागणीची नोंद पुसली जाते आणि पाठ मध्येंच थांबतो. मग लोक तारेंत दोष शोधतात. तार शाबूत असते, विचारणाराच नसतो.