पंखातील रिव्हेट आणि कामगाराचा शब्द



विमान म्हटले की आपली नजर आकाशाकडे जाते. आज आम्ही ती खाली, अमेरिकेतील घरांच्या मोटारखान्यात नेणार आहोत. तेथे दिवसाची नोकरी आटोपून आलेली माणसे स्वतःच्या विमानाचे पंख बांधतात. ऑरेगन राज्यातील व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी त्यांना सुटे भाग पुरविते आणि अशी दहा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी वा छंदासाठी केलेले असावे, अशी तिकडच्या कायद्याची अट आहे. आपल्या मुंबईतही कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या एका गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले आणि 2016 साली ते लोकांपुढे मांडले.

पंखाची रचना घराच्या छपरासारखी समजा. एक भक्कम तुळई भार पेलते, तिला आडव्या फासळ्या जोडतात आणि वरून मिलिमीटरहून पातळ पत्रा चढवितात. हा पत्रा तांबे मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा असतो. डाग देऊन जोडावा, तर उष्णतेने त्याचा कस जातो. म्हणून हजारो रिव्हेट ठोकावे लागतात.

हे काम बहुधा दोघांचे. एक जण बाहेरून हवेच्या दाबाची हातोडी लावतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा धरतो. दांड्याचे टोक चेपून त्याचे डोके बनते. ते दांड्याच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्म्याइतके उंच हवे. पत्रा बंद झाला की आतला हात कोणाला दिसत नाही. पंखाची पकड मात्र त्याच्यावरही अवलंबून असते.

त्याआधी प्रत्येक छिद्राच्या काठाची बर काढून तो गुळगुळीत करावा लागतो. खडबडीत काठ म्हणजे चिरेला दिलेले आमंत्रण. हे केवळ पुस्तकी भय नव्हे. मागणी वाढल्यामुळे या कंपनीने काही भागांची छिद्रे लेसरने कापून घेतली होती. रिव्हेटचे डोके पत्र्यात बसावे म्हणून काठ दाबून खोलगट करताना त्यांतील काहींना बारीक चिरा पडल्या. घरी बसून बांधणाऱ्यांनी त्या पाहिल्या आणि 2023 साली प्रकरण गाजले. कंपनीने चाचण्या केल्या, भाग बदलून देण्याचे पत्करले. इतर कारणांबरोबर याही खर्चाचा बोजा पडून त्याच वर्षी डिसेंबरात तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. 2024 साली ती त्यातून सावरली.

या हकिकतीत आम्हां युनियनवाल्यांना एक गोष्ट मोलाची वाटते. चीर पाहणाऱ्या माणसाला हात थांबविण्याचा अधिकार होता. वाकडा बसलेला रिव्हेट तो ड्रिलने काढून पुन्हा ठोकतो, कारण उद्या त्याच पंखांच्या भरवशावर तो स्वतः उडणार असतो. कारखान्यातील कामगाराने तेच करायचे ठरविले, तर पाळीचा आकडा घटतो आणि मुकादमाच्या कपाळाला आठी पडते. हात तोच, हत्यार तेच. फरक अधिकाराचा आहे.

अशी मोकळीक दिली तर कामचुकाराला सबब मिळेल, असे मालक म्हणतात. आमचे उत्तर सरळ आहे. कामगाराने काम अडविले, तर तपासनीसाने तेथेच येऊन ते पाहावे व निकाल द्यावा. सबब असेल तर उघडी पडेल. परंतु खरा दोष दाखविणाऱ्याचा पगार कापला जाऊ नये, हे कलम प्रत्येक करारात असावे.

आपण सारे परक्या हातांनी केलेल्या वस्तूंवर जीव टाकून वावरतो: एस. टी. गाडी, लिफ्ट, घरातला गॅस. त्या हातांना ‘हे काम अजून झालेले नाही’ असे निर्भयपणे म्हणता यावे, यात कामगाराचे जेवढे हित आहे, तेवढेच आपले सर्वांचे आहे.