केडगावला उतरायचं आहे



सोलापूरहून पुण्याला निघालं की कुर्डुवाडी, दौंड, पाटस आणि मग केडगाव. आपल्यापैकी बहुतेकांनी ते धावत्या गाडीच्या खिडकीतूनच पाहिलेलं असणार. आज मला तिथं उतरायचं आहे, पंडिता रमाबाईंसाठी.

‘संकटात विश्वास वाढतो’ असं आम्ही ख्रिस्ती मंडळी फार सहज म्हणतो. दुष्काळ पाहिलेल्या या सोलापूर जिल्ह्यात तरी हे वाक्य जरा जपून बोलावं. रमाबाईंचंच पाहा. 1874 च्या सुमारास, दक्षिणेतल्या भटकंतीत, उपासमारीनं त्यांचे आईवडील गेले, पाठोपाठ बहीण गेली. रमाबाई जेमतेम सोळा वर्षांच्या. पुराणं सांगून झाली होती, दानधर्म झाला होता, तीर्थं झाली होती. त्या दुष्काळात त्यांचा विश्वास वाढला नाही, तो ढासळला. पुढं 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. पदरात लहानगी मनोरमा.

1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण कुणी सांगितलं म्हणून मान डोलावणारी ही बाई नव्हे. ज्यांनी आसरा दिला त्या सिस्टरांशीच त्या धर्मतत्त्वांवर पत्रांतून वाद घालत. बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, अशा आशयाची कबुली त्यांनी पुढं स्वतःच दिली. मला हे फार प्रामाणिक वाटतं. आमच्यातले कितीतरी जण जन्मभर त्या पहिल्याच पायरीवर बसून असतात!

मायदेशी परतून त्यांनी मुलींसाठी काढलेल्या शारदा सदनात 1893 मध्ये धर्मांतराच्या संशयावरून वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या. तेही सोसलं. मग 1896-97 चा दुष्काळ आला, आणि रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. लक्षात घ्या, ज्या भुकेनं आपलं घर खाल्लं, तिच्याच दारात ही बाई पुन्हा जाऊन उभी राहिली. तिथून शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेग, म्हणून सदनाच्या उत्पन्नासाठी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवरच त्यांचा मुक्काम पडला. तेच ‘मुक्ती’. विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला. सन 1900 नंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली होती. ‘देवानं माझी माणसं का नेली?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं की नाही, मी सांगू शकत नाही. मुलींच्या पुढ्यात भाकरी आली, एवढं मात्र खरं. माझ्या मते विश्वास वाढला तो या रोजच्या रांधण्यात.

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं भाषांतर हाती घेतलं, तेही बायाबापड्यांना कळेल अशा साध्या मराठीत. मुक्तीतल्या स्त्रियाच खिळे जुळवत. मनोरमाबाईंनी तोवर आपल्या शेजारच्या गुलबर्ग्यात शाळा काढली होती. त्या जुलै 1921 मध्ये गेल्या. एकुलती एक लेक! त्या घावानं आईचा विश्वास बळावला, असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. आई पुन्हा मुद्रितांपाशी बसली, एवढंच दिसतं.

5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या. भाषांतराचं काम तेवढ्यात हातावेगळं झालं होतं. पुढच्या खेपेला पुण्याला निघाल तेव्हा केडगावला थांबणारी गाडी बघा. तासभर पुरेल.