अपुरा खेळ आणि बिनपगारी परीक्षक

(व्याख्यानाचा मजकूर)



शिंप्याकडे कच्च्या टाक्यांचा सदरा घालून पाहणारे गिऱ्हाईक काखेत कुठे दाटते ते आवर्जून सांगते, कारण बिघडलेला सदरा पुढे त्यालाच वापरायचा असतो. व्हिडिओ गेमच्या व्यापारात हीच कच्च्या टाक्यांची रीत आता रुळली आहे. फरक एवढाच की, येथे शिलाई आधीच चुकती होते आणि एकच सदरा हजारो, कधी लाखो गिऱ्हाइकांना घालून पाहण्यास दिला जातो. अशा वेळी काखेत दाटते हे सांगायचे कोणी?

स्वीडनमध्ये तयार झालेला ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ २००९ साली अपुऱ्या अवस्थेतच विक्रीस आला; पूर्ण म्हणून तो जाहीर झाला नोव्हेंबर २०११ मध्ये. तोवर त्याच्या लाखो प्रती खपल्या होत्या. पुढे अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने मार्च २०१३ मध्ये ‘स्टीम’ या आपल्या विक्रीपेठेत अशा खेळांसाठी ‘अर्ली ॲक्सेस’ नावाचे स्वतंत्र दालनच उघडले. या पद्धतीचे समर्थन तीन विधानांत केले जाते. खेळणाऱ्यास खेळ लवकर मिळतो, करणाऱ्यास भांडवल मिळते, आणि खेळणारे दोष हुडकून कळवीत असल्यामुळे खेळ सुधारतो. पहिल्या दोन विधानांबद्दल फारसा वाद नाही. तिसरे मात्र गृहीत धरले जाते, तपासले जात नाही.

ते तपासण्यास उपयोगी पडणारे आकडे पोलंडमधील एका छोट्या निर्मात्याने २०२१ मध्ये स्वतःहून जाहीर केले. शनीच्या कड्यांत खाणकाम करण्याचा ‘डेल्टा-व्ही : रिंग्ज ऑफ सॅटर्न’ हा त्याचा खेळ तेव्हा अपुराच होता. त्याच्या १२,००० हून थोड्या अधिक प्रती खपल्या होत्या आणि दोषांच्या नोंदी आल्या होत्या १,०४०. यांपैकी सुमारे ४०० नोंदी ‘लिनक्स’ या मुक्त संगणकप्रणालीवर खेळणाऱ्यांच्या होत्या, आणि असे ग्राहक होते अवघे ७००. म्हणजे लिनक्सवाल्यांकडून शंभर ग्राहकांमागे सत्तावन्न नोंदी, तर उरलेल्या अकरा हजारांकडून शंभरामागे सहासुद्धा नाहीत! शिवाय एकाच माणसाने अनेक नोंदी केलेल्या असणार. तेव्हा तोंड उघडणारी माणसे प्रत्यक्षात याहूनही थोडी. यावर कोणी म्हणेल की, लिनक्सवर खेळ अधिक बिघडत असेल. पण त्या ४०० नोंदींपैकी केवळ तीन दोष लिनक्सपुरते होते. बाकीचे सर्वांच्याच वाट्याला येत होते. इतरांनी ते सोसले आणि खेळ पुढे चालू ठेवला.

अर्थशास्त्राला याचे नवल वाटू नये. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली सामुदायिक कृतीविषयीच्या आपल्या ग्रंथात मांडले होते की, ज्याचा लाभ सर्वांना मिळणार आणि ज्याचा खर्च एकट्याने सोसायचा, असे काम मोठ्या समूहात बहुतेकजण दुसऱ्यावर सोडतात. दोष कळविणे हे नेमके तसे काम आहे. काय करीत असताना काय बिघडले, पुन्हा तेच केले तर पुन्हा बिघडते का, हे नीट लिहायचे तर सुट्टीची अर्धी सकाळ खर्ची पडते. मग लिनक्सवाले ते का करतात? त्यांनी किंमत तीच मोजली होती, खेळही तोच होता. परंतु १९९१ पासून ही प्रणाली जगभरच्या लोकांनी परस्परांच्या चुका दाखवीत आणि दुरुस्त करीत उभी केली आहे. तेथे चूक कळविणे हा सार्वजनिक शिष्टाचार आहे. त्यांच्या नोंदी अत्यंत उत्तम दर्जाच्या असतात, असेही त्या निर्मात्याने मोकळेपणी सांगितले. ही सवय खरेदीच्या पावतीबरोबर येत नाही.

तथापि, उरलेल्यांचा काहीच उपयोग होत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बेल्जियममधील लॅरियन या संस्थेने ‘बाल्डर्स गेट ३’ हा खेळ ऑक्टोबर २०२० मध्ये अपुरा विक्रीस काढला आणि त्यात फक्त पहिला अंक खेळावयास दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये संपूर्ण खेळ आला तेव्हा मोठ्या तक्रारी झाल्या त्या तिसऱ्या अंकाविषयी. महिनाभरात आलेल्या पहिल्या मोठ्या दुरुस्तीत हजाराहून अधिक दोष निवारले गेले. पहिल्या अंकातून जवळजवळ तीन वर्षे लाखो पावले फिरली होती, हे त्याच्या घोटीवपणाचे निदान एक कारण असले पाहिजे. पण त्यांतील किती जणांनी लेखणी उचलली? पुष्कळसे काम यंत्रेच करतात. खेळ कोसळला की संगणक निर्मात्याकडे टिपण धाडतो, आणि खेळाडू नकळत परीक्षक ठरतो. मात्र खेळ न कोसळताच एखादे पात्र भिंतीतून आरपार गेले, किंवा कथा एका दारापाशी कायमची अडली, तर त्याची खबर यंत्राला बहुधा नसते. ती माणसानेच द्यावी लागते.

हे काम पगार घेऊन करणारी माणसे आहेत. त्यांनी एकाच भिंतीला शंभरदा धडक द्यायची आणि प्रत्येक वेळी काय झाले ते लिहायचे. या धंद्यातील उतरंडीत ती तळाशी असतात आणि अनेकदा कंत्राटी असतात. अमेरिकेतील रेव्हन सॉफ्टवेअरमध्ये काही कंत्राटी परीक्षकांना काढून टाकल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये संप झाला, आणि मे २०२२ मध्ये तेथील परीक्षकांनी १९ विरुद्ध ३ मतांनी संघटना स्थापन केली. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या झेनिमॅक्समधील सुमारे ३०० परीक्षक संघटित झाले. तेथील खेळ अपुऱ्या दालनातले नव्हते, श्रम मात्र हेच. फुकट परीक्षक दाराशी रांग लावून उभे आहेत असा समज एकदा रुजला, की वेतनाच्या वाटाघाटीत कोणाचे पारडे हलके होणार हे उघड आहे. आणि तो समज किती पोकळ आहे, हे वरच्या आकड्यांवरून दिसतेच.

अपुरा खेळ विकू इच्छिणाऱ्या निर्मात्याला स्टीमची एक प्रश्नावली भरावी लागते. खेळ अपुरा का विकता, तो किती काळ अपुरा राहील, पूर्ण झाल्यावर किंमत बदलेल काय, खेळाडूंना विकासात कसे सामील करून घेणार, हे सारे तीत विचारलेले असते. उत्तरे गिऱ्हाइकाला वाचता येतात. पगारी परीक्षक किती, हा प्रश्न तीत नाही. तो घालण्यास एका ओळीची जागा पुरेल.