रेडिएटरच्या पाण्यात ऑइल दिसलं तर

आमच्या गटाचा डाळ-मसाल्याचा माल पिकअपमधून राजूर घाट चढून बुलढाण्याला येतो. चढावर इंजिन तापतं, म्हणून गाडीचं पाणी आम्ही बायकाच बघतो. गाडीचा हप्ता गटाच्या खात्यातून जातो ना!

झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं. तापल्यावर उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं. पाण्यावर चहासारखी तपकिरी, चिकट साय दिसली, तर त्यात इंजिन ऑइल मिसळलं असं समजा. गाडी तिथेच थांबवा आणि डिपस्टिक काढून बघा.

डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही, तर संशय हेड गॅस्केटवर. ऑइल स्वच्छ असेल, तर आधी ऑइल कूलर तपासायला सांगा. चालू इंजिनात ऑइलचा दाब पाण्याहून जास्त असतो. कूलर फुटला की ऑइल पाण्यात शिरतं. हेड खोलणं खर्चाचं काम, म्हणून दाबाची चाचणी आधी.

दुरुस्तीनंतर रेडिएटर आणि पाण्याची सगळी वाट धुवून घ्या. ऑइलनं रबरी पाइप फुगतात, तेही तपासा.

मिस्त्रींशी आम्ही वाद घालत नाही. काय दिसलं, ते नेमकं सांगतो. तुम्हीही सांगा.